भरतचा ‘मरत’ होऊ नये म्हणून: हाताने रंगवलेली श्रेयनामावली कशी घडते

अंधार होतो. पडद्यावर निळ्या रंगाचा एक ओघळ खाली उतरतो, पसरतो, त्याची नदी होते. नदीत होडी दिसते, होडीच्या शिडावर एक नाव उमटतं, वारा आला की शीड वळतं आणि नाव पुसलं जातं. दोन मिनिटांत अशी पंचवीस-तीस नावं येऊन जातात आणि सिनेमा सुरू होतो. यातला ओघळ खरा असतो. कुणीतरी कागद ओला करून त्यावर रंग सोडलेला असतो. मग दुसऱ्या कागदावर तोच ओघळ मिलिमीटरभर खाली. मग तिसरा कागद.

बघणाऱ्याला हे चित्रकलेचं काम वाटतं. करणाऱ्याला ते आधी काटकसरीचं वाटतं, कारण वेळ ठरलेला असतो आणि त्या वेळात मोजकीच चित्रं होऊ शकतात. ती कुठे खर्चायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हा पहिला प्रश्न. माझं तर मत असं, की हाताने रंगवलेल्या टायटल्सचं, म्हणजे श्रेयनामावलीचं, अर्धं डिझाईन ‘काय हलवायचं नाही’ हे ठरवण्यात होतं, आणि उरलेलं अर्धं नावं नीट वाचता येतील याची काळजी घेण्यात. रंगसंगती, शैली वगैरे गोष्टी ज्यांच्याबद्दल सगळे बोलतात, त्या यानंतर येतात.

आधी हिशेब

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, या वेगाने चालतो. बोलपट आल्यावर हा वेग पक्का झाला आणि डिजिटल काळातही टिकला. दोन मिनिटांची श्रेयनामावली म्हणजे १२० गुणिले २४, एकूण २,८८० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर त्याला ‘ऑन वन्स’ म्हणतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर ‘ऑन टूज’. टूजवर सेकंदाला १२ चित्रं लागतात, दोन मिनिटांना १,४४०. साधी हालचाल एवढ्यात डोळ्याला अखंड वाटते, म्हणून हाताने काढलेलं बरंचसं अ‍ॅनिमेशन टूजवरच चालतं.

आता एका चित्राला १५ मिनिटं लागतात असं धरू. १,४४० चित्रांना ३६० तास, म्हणजे रोज आठ तास बसलं तर ४५ दिवस. यात रंग वाळायचा, चुकलेलं पुन्हा काढायचा आणि स्कॅन करायचा वेळ धरलेला नाही. आता समजा तपशील थोडा वाढला आणि पंधराची वीस मिनिटं झाली. मग ४५ चे ६० दिवस होतात. होडीतल्या माणसाच्या सदऱ्याला बटणं काढायची की नाही, हा प्रश्न मग सौंदर्याचा राहत नाही, पंधरवड्याचा होतो.

म्हणून सगळं दृश्य एकाच वेगाने रंगवत नाहीत. उडणारा पक्षी वन्सवर, कारण झपकन जाणारी गोष्ट टूजवर ठेवली तर ती अडखळत जाताना दिसते. झाडाची पानं ‘फोर्स’वर, म्हणजे एक चित्र चार फ्रेम, सेकंदाला सहाच चित्रं. मागचा डोंगर एकदाच. दृश्य आडवं सरकवायचं असेल तर एकच लांबलचक चित्र रंगवतात आणि तेच फ्रेमगणिक थोडं थोडं पुढे ढकलतात. दहा सेकंदांचा प्रवास एका चित्रात भागतो. पडद्यावर भरगच्च दिसणाऱ्या कित्येक टायटल्समध्ये दर क्षणी खरोखर हलणारी गोष्ट एखादीच असते. पुढच्या वेळी बघताना मोजून बघा.

हे सगळं रंगाला हात लावण्याआधी ठरतं. पेन्सिलीच्या ढोबळ चित्रांचा स्टोरीबोर्ड करायचा, ती चित्रं संगीतावर लावून अ‍ॅनिमॅटिक करायचं, आणि कोणतं चित्र कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत टिकणार हे एक्सपोजर शीटवर लिहून काढायचं. या टप्प्यावर मन बदललं तर पाच पेन्सिल-चित्रं वाया जातात. नंतर बदललं तर पाचशे रंगीत.

उकळी

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये माणूस नुसता उभा असला तरी त्याची रेघ किंचित वळवळत असते. कारण साधं आहे: कुठलाही हात तीच रेघ दुसऱ्यांदा तशीच काढू शकत नाही. लाइटबॉक्सवर कागद ठेवून, खालच्या उजेडात आधीची रेघ जशीच्या तशी गिरवली तरी केसभर फरक पडतो. ती चित्रं एकामागून एक दाखवली की फरक हलताना दिसतो. अ‍ॅनिमेटर याला ‘बॉइल’ म्हणतात. आपण उकळी म्हणू. पाणी मंद आचेवर ठेवल्यावर जसं बुडाशी चुळबुळायला लागतं, तसंच ते दिसतं.

हीच उकळी हाताच्या कामाची ओळख, आणि काटकसरीची सगळ्यात मोठी सोयही तीच. माणूस पाच सेकंद स्थिर उभा आहे. टूजवर प्रत्येक वेळी नवं चित्र काढलं तर साठ चित्रं लागतील. त्याऐवजी तेच चित्र तीन वेळा गिरवून काढतात आणि तिन्ही आलटून पालटून दाखवतात. साठ चित्रांचं काम तिनात होतं आणि माणूस जिवंतही वाटतो. दोन चित्रांवर भागवायला गेलं तर मात्र फसतं. घड्याळासारखी टिकटिक दिसायला लागते, डोळा ती लगेच पकडतो. तीन ही किमान संख्या. चार-पाच असतील तर क्रम विस्कटून लावता येतो, फक्त एकच चित्र लागोपाठ दोनदा येऊ द्यायचं नाही.

उकळी किती ठेवायची हे कथेवर ठरतं. घाबरलेल्या माणसाची रेघ जास्त उकळू द्यावी, झोपलेल्या मुलाची अगदी मंद. हे करायला नवी चित्रं लागत नाहीत. तीच तीन चित्रं दोन-दोन फ्रेम दाखवली की अस्वस्थता येते, चार-चार फ्रेम दाखवली की संथपणा.

संगणकावर सरळ रेघेला खोटी थरथर लावता येते. लावतातही. पण तिथे सगळी रेघ सारखीच थरथरते. माणसाचा हात लांब सरळ रेघेत ठाम असतो आणि कोपऱ्यावर, बोटांच्या पेरांवर, नाकाच्या शेंड्यावर बिचकतो. म्हणून खरी उकळी जागोजाग कमी-जास्त असते. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण एकात त्याला माणूस जाणवतो, दुसऱ्यात बिघडलेला पंखा.

रंगाची उकळी रेघेच्या उकळीपेक्षा फार अवघड. जलरंगात आभाळ रंगवलं, दर चित्राला नवं, की प्रत्येक वेळी रंग वेगळा साचतो. कुठे डाग, कुठे फिकट कड. ही चित्रं चालवली की आख्खं आभाळ बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं फडफडतं. लहान जागेत हे सुंदर दिसतं. पडदाभर पसरलं की डोकं दुखतं, आणि प्रकाशाला संवेदनशील असलेल्या अपस्माराच्या रुग्णांना ते घातकही ठरू शकतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा मोठा भाग लखलखू देऊ नये, असा नियम दृश्य माध्यमांत पाळला जातो तो याचसाठी. उपाय तीन: आभाळ एकदाच रंगवून स्थिर ठेवायचं, किंवा दोन-तीन आभाळं रंगवून ती सावकाश एकमेकांत विरघळवायची, किंवा आभाळाचा रंग इतका हलका ठेवायचा की फरक दिसेनासा होईल. मला पहिला उपाय आवडतो. स्थिर आभाळाखाली हलणारा पक्षी जास्त उडतो.

रंगांचे स्वभाव

ओला रंग खोटं बोलतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, अ‍ॅक्रिलिक गडद होतो, आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, तर दोन्हीकडे जातो: त्यातल्या फिक्या छटा वाळून थोड्या गडद होतात, गडद छटा फिक्या. एकाच चित्रात याने काही बिघडत नाही. हजार चित्रांत बिघडतं, कारण रंग संपल्यावर तो पुन्हा मिसळावा लागतो आणि ओल्या रंगावरून जुळणी लागत नाही. म्हणून लागेल त्याच्या दीडपट रंग पहिल्याच दिवशी मिसळून झाकणाच्या बाटल्यांत भरायचा, प्रत्येक बाटलीला क्रमांक द्यायचा, आणि त्या रंगाचा वाळलेला नमुना बाटलीवर चिकटवायचा. हे मी शिकलो ते एका रात्रीच्या दृश्याचा निळा अर्ध्या वाटेत संपल्यावर. नवा मिसळला, ओला असताना तंतोतंत जुळला. पडद्यावर मात्र मध्यरात्री मधेच पहाट झाली.

दुसरी कटकट कागदाची. अ‍ॅनिमेशनचा कागद खाली ठरावीक भोकं पाडलेला असतो आणि ती भोकं पेग बार नावाच्या पट्टीच्या खुंट्यांवर बसतात, त्यामुळे प्रत्येक कागद त्याच जागी येतो. पण पाणी लागलं की कागद फुगतो, वळतो, भोकं सैल होतात. जाड जलरंगाचा कागद कमी वळतो, पण त्यातून लाइटबॉक्सचा उजेड जात नाही, म्हणजे गिरवता येत नाही. यावर सगळे आपापली तडजोड काढतात. सोपी तडजोड अशी: रेघा पातळ कागदावर पक्क्या करायच्या, त्या फिक्या रंगात जाड कागदावर छापून घ्यायच्या, चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या छापायच्या, वर रंगवायचं, आणि स्कॅन केल्यावर फुल्यांवरून चित्रं एकमेकांवर जुळवायची. फुली नसेल तर पात्र जागच्या जागी हिसके खातं, आणि तो हिसका कुणालाही कलात्मक वाटत नाही.

जुन्या व्यंगपटांत हा प्रश्न नव्हता, कारण ती चित्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर असत. अमेरिकेत अर्ल हर्ड यांना या पद्धतीचं पेटंट १९१५ मध्ये मिळालं. त्यात रेघ पुढच्या बाजूने आणि रंग मागच्या बाजूने लावत, म्हणजे ब्रशचे फराटे दिसू नयेत. हाताने रंगवलेल्या टायटल्सना नेमकं उलट हवं असतं. फराटा दिसलाच पाहिजे. त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

कागद केवढा घ्यावा? नवखा माणूस मोठा घेतो. ए-४ कागद आडवा धरला तर २९७ मिलिमीटर रुंद. तो १२ मीटरच्या पडद्यावर गेला की सुमारे चाळीसपट मोठा होतो. एक मिलिमीटरचा फराटा चार सेंटिमीटरचा दिसतो, आणि ब्रशमधून गळून चिकटलेला केस सुतळीसारखा. तेव्हा लहान कागदावर जाड ब्रश, हे गणित बरं. वेळ वाचतो आणि हात धीट होतो. ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके धरून, स्कॅन केलं की ए-४ ची रुंदी ४,६७७ पिक्सेल भरते. थिएटरच्या फोर-के चित्राची रुंदी पडद्याच्या प्रमाणानुसार ३,९९६ किंवा ४,०९६ पिक्सेल, त्यामुळे कडेचं थोडं कापूनही पुरतं.

स्कॅनरऐवजी कॅमेऱ्याखाली चित्रं टिपणारे लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात, कॅमेऱ्याचं सगळं स्वयंचलित बंद करतात, दोन्ही बाजूंनी तिरपे दिवे ठेवतात म्हणजे ओल्या रंगावर चकाकी येत नाही, आणि अंगात काळे कपडे घालतात. पांढरा सदरा घालून टेबलापाशी वाकलं की कापडावरून परतलेला उजेड चित्रावर पडतो. एक फ्रेम उजळ, पुढची नाही.

हात एकापेक्षा जास्त असतील तर आणखी एक काम वाढतं: सगळ्यांना एका हातासारखं रंगवायला शिकवणं. २०१७ च्या ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या तैलरंगातल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी शंभराहून अधिक चित्रकारांनी सुमारे ६५,००० फ्रेम रंगवल्या. आधी खरे नट घेऊन चित्रीकरण केलं आणि त्यावरून रंगवलं. या गिरवण्याच्या पद्धतीला रोटोस्कोप म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांना तिचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. टायटल्ससाठी ही पद्धत जपून वापरावी. चालणं, नाचणं अचूक येतं, पण हुबेहूब गिरवलं तर रंगवण्याला अर्थ उरत नाही. प्रत्येक तिसरी-चौथी फ्रेम गिरवून मधलं मनाने काढलं की हालचाल खरी राहते आणि चित्रही चित्र राहतं.

काचेवर आणि थेट फिल्मवर

कागद सोडून दोन वाटा आहेत, दोन्ही धाडसी माणसांच्या.

पहिली काचेवरची. खालून उजेड असलेल्या काचेवर तैलरंगात, किंवा ग्लिसरीनचे थेंब घालून ओल्या ठेवलेल्या रंगात, चित्र काढायचं. फोटो घ्यायचा. मग तेच चित्र बोटाने, फडक्याने थोडं पुसून पुढचं करायचं. आधीचं चित्र पुढच्यात मरतं. शेवटी हातात एकच काच उरते. रशियाचे अलेक्सांद्र पेत्रोव या पद्धतीत बोटांच्या टोकांनी रंगवतात. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या १९९९ च्या लघुपटासाठी त्यांनी अशी २९,००० हून अधिक चित्रं केली आणि त्याला ऑस्कर मिळालं. टायटल्सला ही पद्धत फार शोभते, कारण नाव चित्रात विरघळवता येतं. पण मधल्या एका नावाचं स्पेलिंग चुकलं तर तिथपासून पुढचं सगळं पुन्हा.

दुसरी वाट कॅमेराच नको म्हणणारी: कोऱ्या फिल्मवर थेट रंगवायचं. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट साधारण २२ बाय १६ मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढी. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म. १२ मीटरच्या पडद्यावर ती पाचशे पटींहून मोठी होते, त्यामुळे इथे अचूक आकृतीचा नाद सोडावा लागतो. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले लेन लाय यांनी १९३५ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यासाठी ‘अ कलर बॉक्स’ हा लघुपट असाच रंगवला. नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात हे तंत्र कितीतरी पुढे नेलं. ते फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवरही रेघा ओढून आवाज ‘काढत’. आजही एखाद्या टायटलमध्ये रंगाचे धबाधब फराटे तालावर नाचताना दिसले की ते याच घराण्यातलं समजावं.

नावं

इथे येऊन बरेच चांगले चित्रकार घसरतात. श्रेयनामावली ही सजावट असली तरी ती कागदोपत्री बांधिलकीही असते. कुणाचं नाव आधी, कुणाचं स्वतंत्र पाटीवर, कुणाचं चौघांत, अक्षर चित्रपटाच्या नावाच्या तुलनेत केवढं, हे करारात लिहिलेलं असू शकतं. आणि ही यादी शेवटपर्यंत बदलते. एखादा सहनिर्माता वाढतो, कुणी आडनाव लावायचं ठरवतं, कुणी काढायचं. म्हणून पहिला नियम: नाव चित्रात रंगवून टाकायचं नाही. ते वेगळ्या कागदावर, वेगळ्या थरात. शिडावर उमटलेलं नाव पडद्यावर शिडाचा भाग दिसलं पाहिजे, टेबलावर मात्र ते वेगळ्या फाइलीतच असलं पाहिजे.

नाव किती वेळ ठेवायचं? घाई न करता मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ. एकट्या नावाला दोन-तीन सेकंद बहुधा पुरतात, चार जणांच्या पाटीला जास्त. आणि तेवढा वेळ ते शांत पाहिजे. डोळा आधी हालचालीकडे धावतो, अक्षराकडे नंतर. नाव एका कोपऱ्यात आणि पक्षी दुसऱ्या कोपऱ्यात उडतोय, तर नाव कुणी वाचत नाही. तोच पक्षी उडत येऊन नावाशेजारी बसला तर डोळा त्याच्या मागोमाग तिथे येतो. पक्षी बसतो, हालचाल थांबते, नाव वाचलं जातं, पक्षी उडतो. १९६३ च्या ‘द पिंक पँथर’च्या टायटल्समधला गुलाबी पँथर हेच करतो. तो अक्षरांशीच खोड्या काढत फिरतो, त्यामुळे त्याला बघताना नावंही वाचून होतात. पुढच्याच वर्षी त्याचे स्वतंत्र व्यंगपट निघाले, पहिल्याला ऑस्करही मिळालं.

आता देवनागरीची गोष्ट. रोमन अक्षरांसाठी लिहिलेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात. आपल्या अक्षरांना शिरोरेघ आहे, आणि थ, ध, भ या अक्षरांवर ती मधेच तुटलेली असते. ती फट हीच त्यांची ओळख. जाड ब्रशने लिहिलं आणि उकळीच्या तीनपैकी एका चित्रात रंग ओघळून फट बुजली, तर त्या फ्रेमपुरता ध चा घ होतो आणि भ चा म. ‘भरत’ नावाचा छायालेखक सेकंदात चार वेळा ‘मरत’ होतो. अनुस्वाराचंही तसंच. टिंब एका चित्रात आहे आणि दुसऱ्यात फिकं पडलंय, तर ‘वसंत’ लुकलुकत ‘वसत’ होतो. चित्रकाराला हे दिसत नाही, कारण त्याला नाव पाठ असतं. नावाची प्रत्येक आवृत्ती सुटी काढून, ज्याने रंगवली नाही अशा माणसाकडून वाचून घ्यायची. तीस नावं गुणिले तीन, नव्वद कागद. अर्ध्या तासाचं काम आहे.

काना-मात्रांमुळे जागाही जास्त लागते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफार एकाच पट्टीत येतात, आणि उकळीमुळे प्रत्येक गोष्टीला थोडी जास्तच जागा हवी असते. रोमनमध्ये पुरतं ते अंतर इथे दीडपट करावं लागतं. ‘ममता’सारख्या नावात दोन्ही म एकाच चित्रातून उचलले तर ते छापील दिसतात. हाताने लिहिणाऱ्याचे दोन म सारखे नसतात, तेव्हा दोन वेगळे म काढावेत.

पण शिरोरेघ अडचण करते तशी देणगीही देते. बहुतेकांचा हात आधी अक्षरं लिहितो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. अ‍ॅनिमेशनमध्ये हाच क्रम ठेवला तर रेघ ओढली जाईपर्यंत शब्द सुटा सुटा, विस्कळीत वाटतो, आणि ती उजवीकडे पोचली की एकदम जुळून शब्द होतो. संगीतातली सम गाठायला याहून चांगली जागा नाही. ती रेघ तार होऊ शकते, फांदी होऊ शकते, नदीचा काठ होऊ शकते. होडी त्या रेघेवरून गेली तरी चालेल. फक्त भ पाशी तिला छोटी उडी मारायला लावा.

ताल

संगीत आधी हवं. मिनिटाला १२० ठोके असतील तर दर १२ फ्रेमला एक ठोका पडतो, ९० असतील तर १६ फ्रेमला, १४४ असतील तर १० फ्रेमला. हे आकडे टूजवर नीट बसतात. १०० ठोक्यांना मात्र १४.४ फ्रेम येतात. मग कधी १४, कधी १५ असं करत जावं लागतं, नाहीतर मिनिटभरात चित्र आणि ढोलकी वेगळ्या गावाला जातात. संगीतकाराशी आधी बोललं तर तो वेग थोडा इकडेतिकडे करून देतो. हे विचारायचं असतं हेच बरेच जण विसरतात. चित्राची हालचाल ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी पोचली की डोळ्याला ती बरोबर वेळेवर वाटते. आणि दर ठोक्यावर काहीतरी घडवू नये, कवायत होते.

सिनेमाच्या हवाली

शेवटचं नाव दिग्दर्शकाचं, आणि त्यानंतर रंगवलेल्या जगातून छायाचित्राच्या जगात उतरायचं असतं. सिनेमाच्या पहिल्या शॉटची पहिली फ्रेम मागवून घेतात आणि श्रेयनामावलीचं शेवटचं चित्र तिच्यावरून गिरवतात: तोच काठ, तेच झाड, उजेड त्याच बाजूने. रंगही त्या फ्रेममधूनच घेतात. शेवटच्या दोन सेकंदांत उकळी हळूहळू कमी करतात, आधी दोन फ्रेमला एक चित्र, मग चार, मग सहा. चित्र जवळजवळ थांबलं की दहा-बारा फ्रेममध्ये ते खऱ्या शॉटमध्ये विरघळवतात, आणि रंगवलेलं पाणी खरं वाहायला लागतं. एडिटिंगच्या शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाने पहिला शॉट बदलला, तर ही आठ-दहा चित्रं नव्याने काढावी लागतात, त्याच रंगांत. म्हणून त्या क्रमांक घातलेल्या बाटल्या सिनेमा पडद्यावर लागेपर्यंत कुणी धुवत नाही.